अंगावर पिणारं बाळ पोट फुगून किरकिरतं तेव्हा

तान्ह्या बाळाच्या पोटात वारा धरला की घरात आधी बाळंतिणीच्या ताटाची झडती होते आणि मग हिंगाची डबी निघते. बघायला हवं ते मात्र राहूनच जातं, ते म्हणजे बाळ स्तनाला कसं लागलंय. बाळाच्या तोंडात कसलाही थेंब घालण्याआधी आणि आईच्या ताटातला एकही पदार्थ काढण्याआधी दूध पाजण्याची रीत तपासावी. बऱ्याच घरांत काम तिथंच होतं.

पोटात वारा दोन वाटांनी येतो. दूध पिताना किंवा रडताना बाळ हवा गिळतं, ही एक वाट. दुधातली साखर पूर्ण न पचता मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू तिच्यापासून वायू करतात, ही दुसरी. दोन्ही गोष्टी प्रत्येक बाळात घडतात. दिवसभर वारा सरणं, पोट गुडगुडणं, पाय आखडून घेणं हे आजारपण नव्हे. शिवाय पोटात वारा भरल्यामुळे बाळ रडतं असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा उलटं असतं. ते दुसऱ्याच कारणानं रडत असतं आणि रडता रडता हवा गिळतं.

पकड

आपल्याकडे बाळंतीण बहुधा पलंगाच्या कडेला किंवा खाली पाय पसरून बसते. बाळ मांडीवर खाली राहतं आणि ती पुढं वाकून स्तन त्याच्या तोंडात देते. बिघडतं ते इथंच. स्तनाग्र तेवढं तोंडात राहतं, ओठांच्या कडेनं हवा आत जाते, आईची पाठ दुखते ती वेगळीच. पाठ भिंतीला किंवा खुर्चीला पूर्ण टेकवा. मांडीवर घडी घातलेली गोधडी किंवा दोन उशा ठेवून बाळाला स्तनाच्या उंचीवर आणा. बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही.

बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं असावं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून प्यावं लागलं तर नीट गिळता येत नाही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर ठेवा आणि स्तनाग्र वरच्या ओठाला हलकेच लावा. ते जांभईएवढं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबा. घाई इथं नडते. तोंड उघडलं की खांद्याखालच्या हातानं त्याला पटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोक्याच्या मागून ढकलू नका, ढकललं की बाळ मान मागं टाकतं. दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरण्याची सवय बऱ्याच जणींना असते. त्या बोटांमुळे बाळाला पुरेसा भाग तोंडात घेता येत नाही. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, आणि हात काळसर भागापासून मागं.

पकड बरोबर असेल तर चार गोष्टी दिसतात. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त उघडा. गाल भरलेले असतात, आत ओढलेले नसतात. पहिल्या भराभर चोखण्यानंतर लय संथ होते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. टक् टक् असा आवाज येत असेल तर पकड सुटतेय आणि हवा आत जातेय. पिऊन झाल्यावर स्तनाग्र बघा: गोल असेल तर ठीक, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं झालं असेल तर ते बाळाच्या तोंडातल्या टाळूवर दाबलं गेलंय. सुरुवातीच्या काही क्षणांपलीकडे दुखत राहिलं तर सोसू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी हिरड्यांमध्ये सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा लावावं लागलं तरी चालेल.

एवढं करूनही टकटक आणि दुखणं राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना बाळाच्या जिभेखालचा पडदा बघायला सांगा. तो आखूड असेल तर जीभ पुढं येत नाही आणि नुसती बसण्याची पद्धत बदलून भागत नाही.

रडायला लागल्यावर पाजायला घेणं हेही हवा गिळण्याचं मोठं कारण आहे. भुकेची खूण रडण्याच्या बरीच आधी येते. बाळ चुळबुळ करतं, तोंड उघडून मान इकडं तिकडं फिरवतं, मूठ तोंडात घालतं. तेव्हाच घ्या. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजण्याची गरज नसते. ते रडून लाल झालंच असेल तर आधी उघड्या छातीवर घेऊन शांत करा, मग लावा.

दूध फार असतं तेव्हा

दूध कमी पडण्याची काळजी सगळे करतात, जास्त दुधाचा त्रास कोणाच्या ध्यानात येत नाही. पान्हा फुटताच बाळ ठसकतं, खोकतं, स्तन सोडून रडतं, परत धरतं, परत सोडतं. दुधाची धार त्याला झेपत नाही म्हणून ते घाईघाईनं गिळतं आणि त्याबरोबर हवाही. अशा वेळी मागं रेलून पाजा. उशा लावून अर्धवट आडवं व्हा आणि बाळ पालथं तुमच्या अंगावर राहू द्या, म्हणजे दूध वर चढून त्याच्या तोंडात जातं आणि धार मंदावते. पान्हा फुटला की क्षणभर सोडवून पहिली जोराची धार पंच्यात जिरू देणं हाही साधा उपाय आहे.

याच बाळांची शी कधी कधी हिरवट, फेसाळ, फटकन उडणारी असते. सुरुवातीच्या दुधात स्निग्धांश कमी असतो, स्तन रिकामा होत जातो तसा तो वाढतो. पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं असं पाजलं तर बाळाला पातळ दूध भरपूर मिळतं. ते पोटातून लवकर पुढं सरकतं, त्यातली साखर मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथं वायू होतो. म्हणून बाळ आपणहून सोडेपर्यंत एकाच बाजूला पाजा, मग दुसरी बाजू द्या. घेतली तर घेतली. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या बाजूनं सुरुवात करा. तीन-चार तास एकाच बाजूला पाजत राहण्याची पद्धतही आहे, पण तिनं दूध कमी होतं. बाळाचं वजन चांगलं वाढत असेल तरच आणि जाणकाराला विचारूनच तिच्याकडे वळावं.

ढेकर

बाजू बदलताना एकदा आणि शेवटी एकदा, दोन ते पाच मिनिटं पुरे. खांद्यावर घेताना बाळाचं पोट खांद्याच्या हाडावर हलकं दाबलं जाईल इतकं वर घ्या. नुसतं छातीशी धरलं तर ढेकर येत नाही. किंवा मांडीवर बसवून किंचित पुढं झुकवा. तुमच्या हाताची बोटं त्याच्या जबड्याच्या हाडाखाली हवीत, गळ्यावर नकोत, आणि तळवा छातीला. दुसऱ्या हातानं पाठ खालून वर चोळा. जोरात थोपटून ढेकर लवकर येत नाही, दूध मात्र बाहेर येतं. पाच मिनिटांत आली नाही तर सोडून द्या. नीट पकडून पिणारं बाळ हवा कमी गिळतं, त्याला प्रत्येक वेळी ढेकर येईलच असं नाही. झोपलेल्या बाळाला ढेकरेसाठी उठवू नये.

शी करताना लाल होणं

दहा-वीस मिनिटं बाळ कुंथतं, ओरडतं, चेहरा लालबुंद होतो आणि शेवटी शी होते ती मऊ, पिवळी. हा बद्धकोष्ठ नव्हे. पोटाचा जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडायचं, ही सांगड बाळाला अजून घालता येत नाही. काही आठवड्यांत ती आपोआप जमते. विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी किंवा तेलाचं बोट गुदद्वारात घालण्याची जुनी चाल आहे, ती कृपा करून सोडा. आतली त्वचा फाटते, आणि बाळाला त्याशिवाय जोर करायची सवय लागत नाही. सहा आठवड्यांनंतर अंगावर पिणारी काही बाळं कित्येक दिवस शी करत नाहीत. बाळ मजेत पितंय, पोट मऊ आहे आणि शी मऊच होतेय, तर काही करायचं नाही.

वारा सरायला मदत करायची असेल तर पिऊन तासभर झाल्यावर मालीश करा. हात कोमट, दोन थेंब खोबरेल. बाळ समोर उताणं असताना तुमच्या डाव्या हाताकडून, म्हणजे त्याच्या उजव्या कुशीतून, वर जा, बरगड्यांखालून आडवं या आणि दुसऱ्या कुशीतून खाली उतरा. आतडं त्याच दिशेनं जातं. मग दोन्ही गुडघे पोटाशी पाच-दहा सेकंद धरून सोडा, असं पाच-सहा वेळा, आणि सायकल चालवल्यासारखे पाय हलवा. नाळ पडून बेंबी सुकलेली नसेल तर तिच्या आसपास हात लावू नका. बाळ पोट ताठ करून रडलं तर थांबा. आंघोळ घालणाऱ्या बाईला हेही स्पष्ट सांगा की नाकाकानात तेल नको आणि बाळाची छाती पिळणं नको. धुरी तर मुळीच नको. पोटासाठी तिचा काही उपयोग नाही आणि छातीला ती अपायच करते.

बाळंतिणीचं ताट

आईनं अळसांद्याची उसळ खाल्ली म्हणून बाळाला वारा धरत नाही. दूध रक्तातून तयार होतं, आणि कडधान्यातला जो भाग मोठ्या आतड्यात वायू करतो तो आईच्या आतड्यातच राहतो, रक्तात उतरत नाही. सोलकढी प्यायली म्हणून दूध आंबट होत नाही. महिनाभर नुसती पेज आणि लोणच्याची फोड देऊन बाळंतिणीला ठेवण्यात कोणाचंच भलं नाही. तिला भूक आणि तहान दोन्ही जास्त लागतात. पेज द्या, मेथ्यांची पेज द्या, नाचण्याची तिजान द्या, हळिवाचे लाडू द्या, आणि त्याबरोबर मुगागाठी, खतखतं, पालेभाजी, बांगड्याचं हुमणही द्या. तारले, बांगडा निर्धास्त खावेत. मोरी माशानं (लहान शार्क) दूध वाढतं म्हणून ती मुद्दाम आणतात, पण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, तेव्हा मोरी वरचेवर नको.

चहा-कॉफीचं मात्र भान हवं. नवजात बाळाच्या अंगातून कॅफीन उतरायला मोठ्या माणसासारखे काही तास नाही, काही दिवस लागतात. दिवसाला दोन कप ठीक. पाच-सहा कप होत असतील तर कमी करून आठवडाभर बघा.

आईचं खाणं खरोखर कारण असतं ते गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या थोड्या बाळांत. त्याच्या खुणा वेगळ्या असतात. शीमध्ये रक्ताचे धागे किंवा शेंबूड, अंगावर खरबरीत चट्टे, वजन न वाढणं. डॉक्टरांना हा संशय आला तर दोन ते चार आठवडे आईनं दूध पूर्ण बंद करायचं. पूर्ण म्हणजे चहातलं दूध, दही, ताक, पनीर, पेढा, दुधाची बिस्किटं सगळं. नारळाचं दूध चालतं. फरक पडला तर पुन्हा दूध सुरू करून त्रास परत येतो का ते पाहायचं; तसं पाहिल्याशिवाय ॲलर्जीचं नाव देऊ नये. त्या काळात आईला कॅल्शियमची गोळी लागते.

थेंब, घुटी, हिंग

पहिले सहा महिने आईचं दूध, त्याखेरीज काही नाही. पाणीही नाही, मे महिन्यातल्या उकाड्यातही नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. अपवाद ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा. रोज ४०० एकक (बाटलीवर IU), डॉक्टर लिहून देतात. ड्रॉपरवरची खूण नीट बघून द्यावे, कारण प्रत्येक कंपनीच्या एका मिलीलीटरमधलं प्रमाण सारखं नसतं.

ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी काढलं. मूळ कृतीत शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोल होतं. आजच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं, पण त्यानं रडणं थांबतं याला आधार नाही. गोड चवीनं बाळ क्षणभर गप्प होतं एवढंच. वाऱ्याचे बुडबुडे फोडणाऱ्या सायमेथिकोन या औषधाचे थेंब अंगात शोषले जात नाहीत, म्हणून त्यांचा अपाय फारसा नाही, पण चाचण्यांत ते साध्या गोड पाण्यापेक्षा सरस ठरलेले नाहीत.

धोका आहे तो डायसायक्लोमिन या पोटातली कळ थांबवणाऱ्या औषधाचा. पोटदुखीच्या काही थेंबांत ते सायमेथिकोनबरोबर मिसळलेलं असतं आणि शेजारच्या मुलाची उरलेली बाटली घरात सहज येते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते देऊ नये. श्वास अडखळणं, झटके येणं, बेशुद्ध होणं असे प्रकार त्यानं झालेले आहेत. फार्मसीतून कुठलेही थेंब घेताना लेबलावरचं हे नाव शोधा. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूचे थेंब अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं रडणं कमी करतात असं दिसलं आहे. हवे असतील तर डॉक्टरांशी बोलून घ्यावेत.

बाळघुटीत वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड सहाणेवर उगाळतात. किती वेढे म्हणजे किती औषध, हे कोणी मोजत नाही. जायफळानं गुंगी येते, गुंगीतलं बाळ कमी पितं. सहाणेवरचे जंतू पोटात जातात ते वेगळेच. हिंग पोटात देऊ नका. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यानं बिघडल्याची नोंद वैद्यकात आहे. बेंबीभोवती लावायचाच आजीचा आग्रह असेल तर नाळ पडून जागा सुकल्यावर, अगदी पातळ करून, आणि त्वचा लाल झाली तर लगेच धुवून टाका. मध वर्षभर चाटवू नये, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला जीवघेणा लुळेपणा येऊ शकतो.

दिवेलागणीचं रडणं

दोन-तीन आठवड्यांपासून धडधाकट बाळंही संध्याकाळी रडू लागतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे रडणं कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनांहून जास्त दिवस, तीन आठवड्यांहून जास्त, ही अशा अतिरडण्याची, म्हणजे ‘कॉलिक’ची, व्याख्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली मांडली. अशा रडण्याचं एकच एक कारण सापडलेलं नाही. त्याच वेळी बाळाला सारखं सारखं प्यायचंही असतं, म्हणून दूध आटलं असा समज होऊन बाटली आणली जाते. बाटलीनं हवा वाढते आणि दूध खरोखरच कमी व्हायला लागतं. दूध पुरतंय की नाही हे लंगोट आणि वजन सांगतात. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा ओले लंगोट, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत, आणि पुढं आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅमची भर.

त्या रडण्याच्या वेळेत क्रम असा ठेवा. लंगोट, उकाडा आणि चिमटलेली बोटं बघा. पायाच्या बोटाभोवती केस गुंडाळला गेला तरी बाळ थांबत नाही. आपल्या दमट हवेत कुंची, पायमोजे, दुपटं असं सगळं चढवलं की बाळ उकडून रडतं. मानेमागं हात लावा, घाम असेल तर एक थर कमी करा; उन्हाळ्यात सुती झबलं पुरतं. मग दिवे मंद करा, टीव्ही बंद, माणसं बाहेर. नवजात बाळ तास-पाऊण तास जागलं की दमतं. बारशाच्या दिवशी किंवा चतुर्थीत घुमट वाजवून होणाऱ्या आरतीत दहा हातांतून फिरलेलं बाळ रात्री रडलं तर त्यात दिष्ट शोधायला नको, त्याला शांत खोली हवी. उघड्या छातीवर घ्या, किंवा पालथं आपल्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर घेऊन चाला, त्याचं डोकं तुमच्या कोपराशी आणि तुमचा तळवा त्याच्या पायांमध्ये. पंख्याची एकसुरी घरघर कित्येक बाळांना निववते. दर दोन मिनिटांनी उपाय बदलू नका, एकाला दहा मिनिटं द्या. झोपवताना मात्र उताणंच.

हे तास आईनं एकटीनं काढायचे नाहीत. पाजून झालं की ढेकर आणि फिरवणं बाबांनी किंवा आजोबांनी घ्यावं. हात थरथरायला लागले, राग अनावर झाला, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दहा मिनिटं बाहेर जा. त्यानं बाळाचं काही बिघडत नाही. हलवून गदागदा झटकलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, बाळ नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला, तिथं रात्रीही फोन घेतात.

थांबायचं नाही

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक वेळी पिऊन झाल्यावर लांब उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, फुगून घट्ट झालेलं पोट, जांघेत गाठ, पिणं सोडणं, मलूल होणं, कण्हल्यासारखं किंवा नेहमीपेक्षा वेगळं, तीव्र रडणं, डोक्यावरची फुगलेली टाळू, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं. यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा, किंवा जवळ असेल तिथं जा, गोव्यात म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. जाताना शीचा लंगोट किंवा त्याचा फोटो घ्या, शेवटचं कधी प्यायलं आणि दिवसात किती लंगोट ओले झाले ते सांगा, आणि घरात दिलेल्या प्रत्येक थेंबाची बाटली पिशवीत घाला, घुटी दिली असेल तर तेही न लपवता सांगा.